गूगलवर आपला पापड सापडेल का?

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



आज आपण लिहिण्याबद्दल बोलणार आहोत. लिहायचं म्हटलं की गटातल्या निम्म्या जणी सचिवताईंकडे बघतात. पण आजचं लिहिणं इतिवृत्ताचं नाही आणि अर्जाचंही नाही. आपला माल इंटरनेटवर शोधणाऱ्या माणसाला सापडावा म्हणून काय लिहायचं आणि कसं लिहायचं, एवढाच आजचा विषय आहे.

उदाहरण नागलीच्या पापडाचं घेऊ. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ भागात नागली पिकते आणि उन्हाळ्यात तिचे पापड होतात. समजा, तिथल्या एका गटाने मुंबईच्या प्रदर्शनात पापड विकले. एका बाईंनी चार पाकिटं नेली. घरात सगळ्यांना आवडली. दोन महिन्यांनी त्यांना पुन्हा पापड हवे आहेत. पाकीट कधीच फेकलं गेलं, गटाचं नाव आठवत नाही. मग त्या मोबाइल घेतात आणि गूगलवर शोधतात. त्या काय लिहितात आणि समोर काय येतं, यावर ते पैसे सुरगाण्याला येणार की दुसऱ्याच कोणाकडे जाणार हे ठरतं. पापड आपला चांगला आहे, गिऱ्हाईकही राजी आहे, पण मधला रस्ता नाही. तो रस्ता शब्दांचा असतो.

गूगल शोधतं म्हणजे काय करतं?

गूगल १९९८ साली सुरू झालं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना त्याची पायाभरणी केली. शोधून देणारी इतरही यंत्रं आहेत, पण आपल्याकडे बहुतेक लोक गूगलच वापरतात. त्याचं काम तीन पायऱ्यांनी चालतं.

पहिली पायरी फिरण्याची. गूगलचे संगणक रात्रंदिवस इंटरनेटवरची पानं वाचत फिरतात. एका पानावर दुसऱ्या पानाचा दुवा, म्हणजे लिंक, दिसली की तिथून पुढे जातात.

दुसरी पायरी नोंदीची. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते बघा, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी. गूगल तशीच सूची सगळ्या इंटरनेटची करतं. आपण काही शोधतो तेव्हा ते त्या क्षणी जगभर पळत नाही, आपल्या सूचीत बघतं. म्हणून आपलं पान सूचीत नसेल, तर ते कितीही सुंदर असलं तरी सापडणार नाही.

तिसरी पायरी क्रम लावण्याची. ‘नागली पापड’ हे शब्द हजारो पानांवर असतील. त्यातलं कोणतं आधी दाखवायचं? इथे गूगल अनेक गोष्टी तपासतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या पानावर आहे का? मजकूर नीट, स्वतःचा आहे का? पान मोबाइलवर पटकन उघडतं का? विचारणारा माणूस कुठे आहे? आणि इतर चांगल्या पानांनी याचा दुवा दिला आहे का? ही शेवटची गोष्ट गूगलची मूळ कल्पना होती. गावात नवीन शिंपीणबाई आली की आपण चार जणींना विचारतो, कोण कोण तिच्याकडे कपडे शिवतं. आणि जिच्या शब्दाला गावात वजन आहे तिने नाव घेतलं तर लगेच विश्वास ठेवतो. दुव्यांचं तसंच आहे.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या क्रमातली जागा पैसे देऊन मिळत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. त्याशिवायची जी यादी दिसते, तिथे गूगल पैसे घेऊन कोणाला वर सरकवत नाही. म्हणजे मोठा कारखाना आणि आपला गट, दोघांनाही तिथे आपापल्या पानाच्या बळावरच उभं राहायचं आहे. कारखान्याचं बळ जास्त असतं हे खरं. पण आपल्याकडेही काही आहे, ते पुढे सांगते.

गिऱ्हाईक कोणत्या शब्दाने शोधतं?

लिहायला बसण्याआधी पहिला प्रश्न हा. आपण नागली म्हणतो. कोकणात, कोल्हापुरात नाचणी म्हणतात. शहरातल्या दुकानात पाकिटावर रागी असतं. धान्य एकच, नावं तीन. आपल्या पानावर फक्त ‘नागली’ असेल आणि पुण्याची बाई ‘नाचणीचे पापड’ शोधत असेल, तर दोघींची चुकामूक होऊ शकते. गूगलला एका अर्थाचे बरेच शब्द कळतात, पण मराठीतल्या गावोगावच्या शब्दांसाठी त्याच्यावर विसंबून राहू नका. आपणच एक वाक्य लिहावं: ‘नागलीला कोकणात नाचणी म्हणतात आणि बाजारात ती रागी या नावाने मिळते.’ झालं. तिन्ही शब्द आले आणि वाचणाऱ्याला माहितीही मिळाली.

दुसरी अडचण अक्षरांची. पुष्कळ लोक मराठी बोलतात, पण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. म्हणून आपल्या मालाचं नाव पानावर एकदा इंग्रजी अक्षरांतही द्यावं. सगळं पान इंग्रजीत करायची गरज नाही.

लोक काय शोधतात हे कळायला दोन सोपे उपाय आहेत. एक, गूगलच्या चौकटीत ‘नागली पापड’ एवढंच लिहून थांबा. खाली आपोआप काही ओळी येतात. त्या इतर लोकांनी केलेल्या शोधांवरून येतात. त्या वहीत उतरवून घ्या. शोधून झाल्यावर निकालांच्या मधे किंवा तळाशीही असे प्रश्न आणि शब्द दिसतात, तेही लिहा.

दुसरा उपाय मला जास्त मोलाचा वाटतो. प्रदर्शनात, आठवडी बाजारात गिऱ्हाईक जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ‘यात उडीद आहे का?’ ‘खार किती घालता?’ ‘भाजून चालेल का, की तळावेच लागतात?’ ‘माझ्या सासऱ्यांना दात नाहीत, त्यांना चावेल का?’ ‘पावसाळ्यात टिकतील?’ जी बाई आपल्या टेबलापुढे उभी राहून हे विचारते, तीच घरी बसून गूगलला हेच विचारत असते. गटाकडे अशी वही असेल तर पान कशावर लिहायचं हा प्रश्नच उरत नाही.

पानावर काय लिहायचं?

आता बहुतेक ठिकाणी काय लिहिलेलं असतं ते आठवा. ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे उत्तम दर्जाचे, चविष्ट, घरगुती, शुद्ध पापड योग्य दरात मिळतील. एकदा अवश्य भेट द्या.’ यात खोटं काही नाही. पण यात वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. हेच वाक्य लोणच्याला चालेल, मसाल्याला चालेल, झाडूलाही चालेल. जे वाक्य कशालाही लागू पडतं ते कोणत्याच प्रश्नाला सापडत नाही.

त्याऐवजी असं लिहिलं तर बघा. आधी शीर्षक, म्हणजे गूगलच्या यादीत जी ठळक ओळ दिसते आणि जिच्यावर बोट ठेवून माणूस आत येतो ती: ‘नागलीचे (नाचणीचे) पापड: सुरगाणा तालुक्यातील महिला गटाकडून घरपोच’. वस्तू काय, कुठली, कोण करतं आणि कशी मिळेल, हे एका ओळीत आलं. शीर्षक फार लांब झालं की गूगल ते मधेच तोडतं, म्हणून महत्त्वाचा शब्द सुरुवातीला घ्यायचा.

मग पहिला परिच्छेद: ‘हे पापड आम्ही आमच्या शेतात पिकलेल्या नागलीचे करतो. त्यात मैदा किंवा उडीद नाही. तीळ, जिरे, मीठ आणि पापडखार एवढंच असतं. पाकीट २०० ग्रॅमचं आहे. पापड तळता येतात, निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजताही येतात. टपालाने महाराष्ट्रात कुठेही पाठवतो.’ पुढे किंमत आणि टपालखर्च, दोन्ही वेगवेगळे. नंतर फोन नंबर.

बघा, यात एकही मोठा शब्द नाही. पण शोधणाऱ्या बाईला हवं ते सगळं पहिल्या सहा-सात ओळींत आहे. गोष्ट नंतर सांगायची, उत्तर आधी द्यायचं. माणूस मोबाइलवर वाचताना फार वेळ थांबत नाही.

त्याखाली वहीतले प्रश्न एकेक घ्या. प्रत्येक प्रश्न उपशीर्षक म्हणून लिहा आणि खाली तीन-चार वाक्यांत उत्तर. उदाहरणार्थ, ‘नागलीचा पापड लाटताना फाटतो, काय करावं?’ तुम्ही म्हणाल, हे कशाला सांगायचं, मग लोक घरीच करतील. थोडे करतील. पण बाकीच्यांना उत्तर वाचून कळेल की ही बाई जाणकार आहे. तर उत्तर असं: ‘नागलीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते नुसत्या पाण्यात मळून लाटता येत नाही. पाण्याला उकळी आणून त्यात मीठ, तीळ, जिरे आणि खार घालायचं, मग पीठ वैरून वाफ आणायची. उकड गरम असतानाच चांगली मळायची. उकड कच्ची राहिली की पापडाच्या कडा फाटतात.’

हे कोणी लिहू शकतं? ज्या हाताने उकड मळली आहे तोच हात. मघाशी म्हटलं ना, आपल्याकडेही काही आहे, ते हेच. कारखान्याच्या पानावर मोठे फोटो असतील, पण कडा का फाटते हे तिथे सहसा नसतं. आणि गूगलही हे शोधू लागलं आहे. पानांचा दर्जा तपासायला गूगलने माणसं नेमलेली असतात. त्यांच्यासाठीच्या सूचनांत २०२२ च्या डिसेंबरमध्ये एक निकष वाढवला गेला: लिहिणाऱ्याला त्या गोष्टीचा स्वतःचा अनुभव आहे का? ही माणसं थेट आपल्या पानाचा नंबर ठरवत नाहीत. पण गूगलला कोणत्या प्रकारची पानं वर यायला हवी आहेत, ते यावरून समजतं. आपल्या गटातल्या आजीबाईंना शाळेचं तोंड माहीत नसेल, पण वाळवणाचा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. तो अनुभव पानावर आला पाहिजे.

म्हणून सांगते, लिहायला येत नाही हे कारण आता चालत नाही. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. ते दाबून बोललं की मोबाइल लिहितो. आजींना बोलू द्या. मग एखाद्या शिकलेल्या मुलीने ते वाचून चुका दुरुस्त कराव्यात. आजींचे शब्द मात्र बदलू नयेत. ‘वैरणं’ला ‘मिक्स करणं’ करू नका.

चित्रात अडकलेला मजकूर

आता थोड्या तांत्रिक गोष्टी, पण सोप्या आहेत.

पहिली. आपण शहरातून छान बॅनर करून घेतो. त्यावर फोटो, फुलं, गटाचं नाव, मालाची यादी, सगळं असतं, आणि तेच चित्र इंटरनेटवर टाकतो. माणसाला ते वाचता येतं, पण गूगलच्या दृष्टीने ते मुख्यतः एक चित्र असतं. चित्रातल्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका. नाव, माल, किंमत, पत्ता हे सगळं पानावर अक्षरांत लिहिलेलं हवं. फोटो टाकताना त्याचं वर्णन लिहायला जागा असते. तिथे ‘फोटो १’ असं न लिहिता ‘खाटेवर वाळत घातलेले नागलीचे पापड’ असं लिहा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांचा मोबाइल हे वर्णन त्यांना वाचून दाखवतो. गूगललाही चित्रात काय आहे ते कळतं.

दुसरी. छापखान्यात पत्रक करताना पुष्कळदा जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरतात. कागदावर ते छान दिसतात, पण तोच मजकूर उचलून इंटरनेटवर टाकला की भलतीच अक्षरं उमटतात. गूगलला त्यातून मराठी कळत नाही. इंटरनेटसाठी मजकूर ‘युनिकोड’मध्ये हवा. मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. छापखान्यात गेलात तर एवढा एक शब्द सांगा: ‘युनिकोडमध्ये द्या.’

तिसरी. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकलेला पापड २४ तासांत नाहीसा होतो, आणि गटातला संदेश गटाबाहेर कोणाला दिसत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगायला व्हॉट्सअ‍ॅप उत्तम आहे. पण अनोळखी माणूस गूगलवर शोधतो तेव्हा तिथलं काही त्याच्या हाती लागत नाही. त्यासाठी गटाचं स्वतःचं कायमचं पान लागतं.

ते पान कुठे करायचं? दोन जागा सांगते, दोन्ही फुकट आहेत. एक म्हणजे ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’. नकाशावर दुकानाचं नाव, वेळ, फोन, फोटो दिसतात ना, ते हेच. आपल्या आसपासचा माणूस शोधतो तेव्हा हे उपयोगी पडतं. तिथे गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: त्याला हवं ते आपल्याकडे आहे का, आपण किती लांब आहोत, आणि आपलं नाव किती ठाऊक आहे. दुसरी जागा म्हणजे साधं संकेतस्थळ. ‘गूगल साइट्स’ किंवा ‘ब्लॉगर’ यांवर ते पैसे न देता करता येतं. सगळीकडे गटाचं नाव, पत्ता आणि फोन सारखाच लिहा. एकीकडे ‘महिला बचत गट’, दुसरीकडे ‘गृहउद्योग’ आणि तिसरीकडे अध्यक्षांचं नाव असं झालं, तर हे सगळे एकच आहेत हे ना माणसाला कळत ना गूगलला.

पान झालं की ओळखीच्या चांगल्या ठिकाणांहून त्याचा दुवा मिळवा. आपल्या प्रभागसंघाचं, कृषी विज्ञान केंद्राचं किंवा एखाद्या स्थानिक वर्तमानपत्राचं संकेतस्थळ असेल, तर तिथे गटाची माहिती येताना सोबत आपल्या पानाचा दुवा द्यायला सांगा. शिफारस अशीच वाढते.

आणि लिहायची वेळ साधा. वाळवणाचा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. त्या वेळी लोक शोधतात. पान मात्र दिवाळीच्या सुमारासच लिहून ठेवा, कारण त्याला सूचीत यायला आणि वर सरकायला वेळ लागतो. गूगलच सांगतं की अशा कामाचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा ४ महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वेळ जातो. पेरलं आणि उगवलं असं हे पीक नाही.

काय करू नये

पहिलं, एकच शब्द घोकू नका. कोणी सांगतं, ‘नागली पापड’ हा शब्द पानावर शंभर वेळा लिहा म्हणजे पान वर येईल. एके काळी हे थोडंफार चालायचं. गूगलने २०११ पासून निकस मजकुराची पानं खाली ढकलायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये विकत घेतलेल्या दुव्यांवरही बडगा उगारला. आता अशी पानं वर येण्याऐवजी गायब होतात. मोठ्याने वाचून बघा. कानाला खटकलं तर शब्द जास्त झाला.

दुसरं, दुसऱ्याचा मजकूर उचलू नका. आता यंत्राकडूनही लेख लिहून मिळतात. चुका काढायला, इंग्रजी करून घ्यायला त्याची मदत घ्या. पण ‘पापडावर वीस लेख लिहून दे’ म्हणून मिळालेले लेख जसेच्या तसे टाकू नका. त्या यंत्राने तुमची उकड पाहिलेली नाही. नुसतं वर येण्यासाठी अशी ढिगाने केलेली पानं गूगलच्या नियमांत बसत नाहीत.

तिसरं फार महत्त्वाचं आहे. आजार बरा होतो असं लिहू नका. नागली पौष्टिक आहे, हे सांगायला हरकत नाही. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३४० ते ३६५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी जास्त. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून शहरातल्या लोकांचीही या धान्यांशी ओळख वाढली. पण ‘नागलीच्या पापडाने मधुमेह बरा होतो’ असं लिहिलं, तर ते खोटं आहे आणि गुन्हाही आहे. मधुमेहासारख्या आजारांवर रामबाण उपाय म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि दंडाचं सोडा. तुमचं वाचून एखाद्या मावशीने गोळ्या बंद केल्या तर? लोक जास्त बघतील म्हणून कोणाच्या जिवाशी खेळायचं नाही. त्याऐवजी आपला १४ आकडी अन्न परवाना क्रमांक पानावर लिहा. विश्वास त्याने वाढतो.

चौथं, खोटे अभिप्राय लिहून घेऊ नका. भाच्या-पुतण्यांना सांगून पाच तारे मारून घेणं, किंवा ‘अभिप्राय द्या, एक पाकीट फुकट’ म्हणणं, दोन्ही गूगलच्या नियमाविरुद्ध आहे. खऱ्या गिऱ्हाइकाला मात्र विनंती जरूर करा. कोणी तक्रार लिहिली तर तिला शांतपणे उत्तर द्या. ‘आपल्याला पापड तुटलेले मिळाले याचं वाईट वाटतं. दुसरं पाकीट पाठवतो,’ हे उत्तर पुढचे सगळे लोक वाचतात.

‘पहिल्या नंबरवर आणून देतो’

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगते. गटांना फोन येतात. ‘आम्ही गूगलकडून बोलतोय. तुमचा व्यवसाय पहिल्या नंबरवर आणतो. महिन्याला एवढे रुपये.’ गटाचा निधी म्हणजे कोणाचे महिन्याचे शंभर, कोणाचे दोनशे. ते पैसे असे जाऊ देऊ नका.

गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून जो हमी देतो त्याला तिथेच नमस्कार करा. बिझनेस प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. ‘पैसे भरले नाहीत तर तुमचं नाव काढून टाकू’ अशी धमकी आली तर ती फसवणूक समजा. आणि फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नका, मग तो कितीही गोड बोलो.

याचा अर्थ सगळेच मदत करणारे लबाड असतात असा नाही. चांगला जाणकार मिळाला तर काम सोपं होतं. पण ठरवण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. नेमकं काय काम करणार ते लिहून देणार का? मजकूर कोण लिहिणार, आणि आम्हाला दाखवून टाकणार का? आधी कोणाचं काम केलं, त्यांच्याशी बोलता येईल का? आणि चौथा, सगळ्यांत मोठा प्रश्न: खातं कोणाच्या नावावर राहणार?

या चौथ्याकडे नीट लक्ष द्या. पान ज्या ईमेलवर आणि ज्या मोबाइल नंबरवर उघडलं जातं, त्याचा मालक तोच होतो. एजंटने स्वतःच्या ईमेलवर पान केलं आणि उद्या भांडण झालं, तर गटाचं नाव, फोटो, लोकांचे अभिप्राय, सगळं त्याच्या हातात राहतं. जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवाल का? तसंच हे. गटाचा स्वतंत्र ईमेल काढा. त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे ठेवा, आणि पदाधिकारी बदलले की बँकेच्या सह्यांबरोबर हाही बदला. इतिवृत्तात त्याची नोंद करा.

बैठकीत काय कराल?

येत्या बैठकीसाठी तीन कामं देते. पहिलं, बाजारात गिऱ्हाइकाने विचारलेले दहा प्रश्न वहीत लिहा. दुसरं, गटातल्या सगळ्यांत अनुभवी बाईला त्यातले तीन प्रश्न विचारा आणि तिची उत्तरं मोबाइलवर बोलून उतरवा. तिसरं, ती उत्तरं पापड न करणाऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. तिला कळलं तर मजकूर तयार झाला. कळलं नाही तर जिथे अडली ते वाक्य बदला.

पान एकदा केलं की सोडून देऊ नका. दर हंगामाला किंमत बदला, नवीन प्रश्न आला की उत्तर वाढवा, माल संपला असेल तर तसं लिहा. मागच्या वर्षीचा भाव बघून फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला राग येतो, आणि तो बरोबरच असतो.

आपलं पान मुंबईच्या सगळ्या पापडवाल्यांच्या वर येईलच असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईंना मैदा नसलेला, उडीद नसलेला, भाजता येणारा नागलीचा पापड हवा आहे, त्यांच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर तुमच्या पानावर असेल, तर तुम्ही सापडण्याची शक्यता खूप वाढते. अशी दहा घरं जोडली गेली आणि ती दरवर्षी मागवू लागली, तर एका छोट्या गटाला ते थोडं नाही. आणि त्यासाठी लागणारं ज्ञान तुमच्या हातात आधीपासून आहे. ते शब्दांत मांडायचं तेवढं राहिलं आहे.